दंडाची हौस

डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या मुलीकडून मृत्यूची नोंद करायची राहून गेली. एकवीस दिवस उलटले आणि ग्रामपंचायतीत विलंब शुल्क भरावं लागलं. रक्कम भज्यांच्या दोन प्लेटी येतील एवढीच, पण पोरगी ओशाळली. "मावशी, बाबांच्या नावावर जाता जाता हेही लागलं," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, ते असते तर पावती उजेडाला धरून वाचली असती, आणि शिक्का पुसट उठलाय म्हणून ग्रामसेवकाला परत मारायला लावला असता." रडत होती ती हसायला लागली.

कुणाला तंबाखूची हौस असते, कुणाला बैलांची. आमच्या डॉक्टरांना सरकारी दंडाची होती.

लासुर्ण्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून, उसाच्या दोन फडांमध्ये त्यांचा सहा खाटांचा दवाखाना. पाटीवर 'प्रसूतिगृह' होतं, पण विंचू चावलेला येवो नाहीतर ट्रॅक्टरवरून पडलेला, आत सगळ्यांना घ्यायचे. कळंबपासून कळसपर्यंतच्या कितीतरी पोरांचं पहिलं रडणं त्या खोलीतलं. तिथं मी वीस-बावीस वर्षं सिस्टर होते. म्हणजे लोक मला सिस्टर म्हणायचे. नव्हते मी. आता सत्तरी उलटल्यावर हे मी सुपारी कातरत सांगू शकते. तेव्हा कुणी तोंडावर बोललं असतं, तर त्याची सुई मी सावकाश टोचली असती.

शिक्षण माझं सातवी. जावेच्या बाळंतपणाला तिच्यासोबत आले होते. तिथल्या झाडणाऱ्या बाईला 'कोपरे झाडायची पद्धत असते' म्हणून शिकवायला लागले, ते डॉक्टरांनी ऐकलं. जाऊ तिसऱ्या दिवशी घरी गेली, मी राहिले. आधी झाडू, मग गरम पाणी, मग कापूस, मग बाळ. हात चांगला होता माझा, हे खोटं नाही. पण डोकं. पहिला पांढरा कोट मिळाला त्या दिवशी मी तो घालून मुद्दाम बाजारच्या दिवशी एसटीनं इंदापूरला गेले, काही घ्यायचं नसताना. कोटावर घड्याळ उलटं टाचायचे. ते बंद होतं, पण नाडी बघताना मी त्याच्याकडं इतकं टक लावून बघायची की पेशंट श्वास रोखायचा. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं कंसात 'सिस्टर' छापून घेतलं. प्रेसवाल्याला वाटलं मी मिशनची आहे, त्यानं पत्रिकेवरचा गणपती काढून टाकला. केवढा तमाशा झाला घरात.

डॉक्टर उंच, वाळक्या उसासारखे. चष्म्याची काडी मोडली ती त्यांनी बँडेजच्या पट्टीनं बांधली आणि मरेपर्यंत तीच ठेवली, फक्त पट्टी दर सोमवारी बदलायची. फिरती गादीची खुर्ची पेशंटला द्यायची, स्वतः लाकडी स्टुलावर बसायचं. "आजारी तुम्ही आहात, बरी खुर्ची तुम्हाला." त्यामुळं नवीन माणूस हटकून खुर्चीतल्याला डॉक्टर समजायचा. एकदा औषध कंपनीच्या एका पोरसवदा माणसानं कळसच्या एका आबांना अर्धा तास नवीन गोळीची माहिती दिली. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं पटलं. पर माजं गुडघं दुखत्यात."

सकाळी दहाला ओपीडी उघडायच्या आधी डॉक्टर वऱ्हांड्यात उभे राहून आदल्या टपालातलं सरकारी परिपत्रक मोठ्यानं वाचायचे. नोंदणीची फी वाढली, कचऱ्याच्या गाडीची फी, दरपत्रक दर्शनी भागात लावणे, रुग्णांच्या हक्कांचा फलक लावणे, न लावल्यास दंड. 'उपरोक्त विषयान्वये' म्हटलं की बाया पदर सावरून बसायच्या. म्हाताऱ्यांना ते पोथीसारखं वाटायचं, संपलं की हात जोडायचे. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी घोट घोट वाटायला लावायचे. निम्म्या जुलाबवाल्यांचा इलाज तिथंच व्हायचा.

फीचा कागद आला की ते कुरकुरायचे. दंडाचा आला की खुलायचे. मी एकदा विचारलं, "डॉक्टर, दोन्हीला पैसंच जात्यात की."

"बाई, फी सगळ्यांनाच असते. दंड आपल्याला वेगळं ओळखून देतात."

भरला की पावती इंदापूरला देवांचे फोटो फ्रेम करणाऱ्याकडं जायची. तो सोनेरी काठ लावून द्यायचा, त्याच्याकडं दुसरे काठच नव्हते. बसायच्या जागेत समोरच्या भिंतीवर ओळीनं टांगलेल्या. फलक ठरलेल्या जागी नव्हता, त्याची. नूतनीकरणाचा अर्ज उशिरा दिला, त्याची. डॉक्टरांची डिग्री आत फडताळात पडलेली आणि बाहेर या पावत्या. लोकांना वाटायचं, सरकारनं डॉक्टरला बक्षिसं दिली आहेत. मीही कुणाला सांगायची नाही. उलट बोटानं दाखवायची, "ही बगा, ही मोठी हाय."

का करत असतील असं, हे मला फार उशिरा कळलं. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी चहा पिता पिता नुसत्या भुवईनं विचारलं, मिटवायचं का. डॉक्टरांनी पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "मिटवायचं काय त्यात? चूक झाली आहे, लिहा. पावती ठळक अक्षरात द्या, भिंतीवर लावायची आहे." साहेबांनी भिंतीकडं बघितलं, चहा अर्धा ठेवला आणि कायद्यात होता तेवढाच दंड लिहून गेले. त्या भिंतीपुढं बसून कुणाला काही मागता यायचं नाही.

दंड हा शब्दच आमच्याकडं घोटाळ्याचा. उसाला पाणी जातं तो दंड, सुई टोचतात तो दंड आणि सरकार करतं तोही दंड. 'डॉक्टरला दंड झाला' ही बातमी कळसला पोचली तेव्हा तिथं चर्चा झाली की डॉक्टरनं ऊस लावला काय. आणि एक तपासणीवाले खाटेवरच्या म्हातारीला विचारत होते, "आजी, इथं कुणाला दंड केला होता का?" आजी म्हणाली, "न्हाय बा. हितं कमरंलाच देत्यात."

डॉक्टर स्वतःही दंड करायचे, पण वस्तूंचा. विनाकारण 'सलाईन लावा' म्हणणाऱ्याला तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायचा दंड. भिंतीच्या कोपऱ्यात थुंकणाऱ्याला चुन्याची बादली आणि कुंचा. सगळ्यात कडक दंड सासवांना. मुलगी झाली म्हटल्यावर जिचं तोंड पडेल तिनं सगळ्या दवाखान्याला पेढे वाटायचे. बर्फी चालायची नाही, पेढेच. एक सासूबाई माझ्याशी भांडली, "सिस्टरबाई, ह्यो कुठला कायदा हाय?" मी कोटाची कॉलर ताठ करून सांगितलं, "उपरोक्त विषयान्वये." तिनं मुकाट्यानं नवऱ्याला पेढ्याला पिटाळलं.

आता माझ्या मेथीचं सांगते. दवाखान्याच्या कचऱ्याला रंगीत पिशव्या असतात. रक्ताचा कापूस-बोळा पिवळीत, नळ्या-बिळ्या लाल पिशवीत. बारामतीकडून गाडी येऊन घेऊन जाते. कोऱ्या पिवळ्या पिशव्यांचा गठ्ठा आला की मला मोह व्हायचा. जाड, चकचकीत, आणि वर ती तीन वाकड्या कड्यांची काळी खूण. मला ती कोयरीची नक्षी वाटायची. त्या मी बाजाराला वापरायची. वर्षभर मी त्या पिशवीतून भाजी नेली, एकदा बहिणीला साडी-चोळीचा आहेरही त्याच पिशवीतून केला. बारामतीच्या मंडईत लोक मला वाट द्यायचे. मला वाटायचं, कोटाचा रुबाब.

मग कचऱ्याच्या खात्याचे साहेब अचानक आले. रक्ताचा कापूस त्यांना साखरेच्या रिकाम्या पोत्यात सापडला, कारण पिवळ्या पिशव्या संपल्या होत्या. आणि पिवळी पिशवी त्यांना मोरीपाशी खुंटीला सापडली, आत मेथीची जुडी. साहेबांनी ती जुडी दोन बोटांत धरून विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "मेथी. न्ह्यायची का?"

डॉक्टर स्टुलावरून उठले नाहीत. "साहेब, जैविक आहे," म्हणाले. "पण कचरा नाही." दंड झाला तो झालाच. त्या पावतीची फ्रेम सगळ्यांच्या मधोमध लागली आणि एका भाबड्या बाईनं तिला हळद-कुंकू वाहिलं. मी चार दिवस डॉक्टरांकडं बघायचं टाळलं. ते मला एवढंच म्हणाले, "बाई, ती नक्षी नाही. तिचा अर्थ, हात लावू नका."

यानंतर दोन-तीन वर्षांत नियम आणखी कडक झाले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. दवाखान्याचा परवाना नव्यानं करायचा होता. त्यासाठी नोंदणी झालेली नर्स हवी, तिचा कागद हवा. ते परिपत्रक डॉक्टरांनी वऱ्हांड्यात वाचलं तेव्हा मी पाणी वाटत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, विचारलं तर कागद नाही म्हणायचं. दंड भरू. मग काय करायचं ते बघू."

ते 'मग काय करायचं' माझ्या डोक्यात घुसलं. मग म्हणजे नवी नर्स येणार, मग म्हणजे कोट जाणार. मी तेव्हा अवघी छप्पन वर्षांची, अगदीच अल्लड. मला वाटलं, कायद्यापेक्षा मी हुशार.

माझ्या जावेची मुलगी पुण्याला नर्स होती. आडनाव एकच. तिच्या प्रमाणपत्राची रंगीत झेरॉक्स जावेच्या ट्रंकेत होती. ती मी काढली आणि इंदापूरच्या त्याच फ्रेमवाल्याकडून सोनेरी काठ लावून आणली. अडचण एकच, कागदावर पुतणीचा फोटो. चोवीस वर्षांची, दोन वेण्यांची. मी विचार केला आणि फोटो झाकेल असा चंदनाचा हार फ्रेमला घातला. मग ती फ्रेम पावत्यांच्या वरच्या बाजूला, उंच टांगली. खाली उभी राहून बघितलं. फार छान दिसत होतं.

आठवड्यानं जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडून तपासणीला एक तरुण मॅडम आल्या. त्यांनी औषधं बघितली, पिशव्या बघितल्या, दरपत्रक बघितलं. मग भिंत वाचायला लागल्या. वाचता वाचता वर गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अरे. या सिस्टर कधी गेल्या?"

मला आधी कळलंच नाही. मग हार दिसला. हार घातलेला फोटो कुणाचा असतो, हे माझ्या सातवी पास डोक्यात तेव्हा शिरलं. 'मी आहे ती' म्हणावं तर हार मीच घातलेला. तोंडातून निघालं, "वैशाखात."

"कशानं?"

"कावीळ."

जावेची पोरगी त्या वेळी पुण्यात ड्यूटीवर असेल, डबा खात असेल. तिला मी उभ्या उभ्या मारली. मॅडमनी विचारलं, "मग आता इथं नर्स कोण आहे?"

बसायच्या जागेतल्या चार-पाच बायांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टर आतून बाहेर आले. त्यांच्या पावत्यांच्या भिंतीवर त्यांना न विचारता काही लागलं आहे, हे त्यांनी तेव्हाच पाहिलं. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, हार काढला, फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं. खाली उतरून फ्रेम मॅडमच्या हातात दिली.

"मॅडम, ही मुलगी जिवंत आहे आणि चांगली नर्स आहे, पण इथं कधी कामाला नव्हती. हा कागद इथं लागायला नको होता. भिंत माझी आहे, तेव्हा दंड माझा." मग माझ्याकडं बोट केलं. "आणि ह्या नर्स नाहीत."

चार-पाच बायांसमोर. वीस वर्षांनी.

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. खोट्या कागदाचा ठपका माझ्यावर न ठेवता दवाखान्यावर ठेवला, हे त्यांचे उपकार. दंड मोठा झाला. वर लेखी दिलं की महिन्याभरात रीतसर नर्स नेमा आणि या बाईंनी पेशंटला सुई टोचलेली दिसली तर परवाना मिळणार नाही, दवाखाना बंद. त्या गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, कोट उतरवा."

मी उतरवला. घडी केली नाही, तसाच स्टुलावर टाकला आणि कळंबला घरी चालत आले. आमचे हे म्हणाले, "एसटी चुकली व्हय?" आठ दिवस घरात बसले. जाऊ येऊन भांडून गेली ते वेगळंच. "माज्या लेकीला कावीळ केलीस," म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

नवव्या दिवशी डॉक्टरांची स्कूटर दारात. चहाला थांबले नाहीत. हातात एक लिफाफा दिला आणि गेले. आत त्यांच्या वळणदार अक्षरात कारणे दाखवा नोटीस. 'उपरोक्त विषयान्वये आपण कोणतीही पूर्वसूचना न देता आठ दिवस घरी बसल्याचे निदर्शनास आले आहे. रुग्णांना दरपत्रक वाचता येत नाही. हक्कांचा फलक कोणी वाचून दाखवत नाही. तक्रार नोंदवही कोरी आहे. आपणावर कारवाई का करू नये, याचा समक्ष खुलासा करावा.'

रडू आलं, पण आधी हसू आलं, म्हणून रडायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी साध्या लुगड्यात गेले. दवाखान्यात एक रीतसर नर्स आली होती, अंथुर्ण्याकडची चुणचुणीत पोर. तिची सुई माझ्यापेक्षा हलकी होती. हे मान्य करायला मला दोन महिने लागले. डॉक्टरांनी मला वऱ्हांड्यात खुर्ची दिली, ती फिरती गादीची नव्हे, आणि पुढ्यात तक्रारींची वही ठेवली.

"नर्सला कागद लागतो," म्हणाले. "बोलायला लागत नाही. बसा."

मी बसले. फलकावर 'रुग्णास उपचारांच्या अंदाजित खर्चाबाबत माहिती मिळण्याचा हक्क आहे' असं होतं. मी बायांना सांगायची, "आदी इचारायचं, किती व्हतील. लाजायचं न्हाय. सांगत न्हाय म्हनला तर मला सांगायचं." बाया विचारायला लागल्या. डॉक्टरांना प्रत्येकीला तीनदा समजावून सांगावं लागायचं, घसा बसायचा. तक्रार मात्र कुणी लिहायला तयार नव्हतं. डॉक्टरविरुद्ध लिहायचं म्हणजे लोकांना भीती. वही कोरी राहिली तर सरकारला वाटेल दाबून ठेवली. म्हणून मी सुरुवात केली.

पहिलीच तक्रार मी लिहिली, 'डॉक्टर चारचौघांत अपमान करतात.' वही नियमाप्रमाणं त्यांच्या टेबलावर गेली. उत्तर यायला मुदत होती, ती त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत वापरली. मग खाली आलं, 'बोललो ते खरे होते. जागा चुकली. तक्रार मान्य.' सही, तारीख, शिक्का. शिक्का ठळक.

त्यानंतर मला चटकच लागली. डॉक्टर दुपारी तीनपर्यंत जेवत नाहीत. डॉक्टर कळसच्या बाईवर खेकसले. डॉक्टरांच्या चष्म्याची पट्टी सोमवारी बदलली नाही. प्रत्येकीला लेखी उत्तर. चष्म्याच्या तक्रारीला 'तक्रार वैद्यकीय स्वरूपाची नाही, तरी कार्यवाही केली' असं उत्तर होतं.

सहा महिन्यांनी परवान्यासाठी त्याच मॅडम परत आल्या. ही शेवटची तपासणी, यावर दवाखाना राहणार की जाणार. नव्या नर्सचा कागद बघितला, फोटो आणि चेहरा जुळवून बघितला, दोनदा. मग वऱ्हांड्यात आल्या आणि मला बघून थबकल्या. "या अजून इथंच?" त्यांनी वही उचलली, पानं उलटली. बाकीच्या दवाखान्यांच्या वह्या कोऱ्या असतात म्हणे, ही भरत आलेली.

"एवढ्या तक्रारी? कुणाच्या आहेत?"

"माज्या."

"तुम्ही पेशंट आहात?"

"न्हाय."

"नातेवाईक?"

"न्हाय."

त्यांचा आवाज करडा झाला. "मग तुम्ही इथं आहात कोण? मला कागदावर पद लिहावं लागेल. आणि हे बघा, पुन्हा काही खोटं असेल तर मी सही करणार नाही."

आत डॉक्टरांचं स्टूल सरकल्याचा आवाज आला, पण ते बाहेर आले नाहीत. वऱ्हांड्यातल्या बाया कान देऊन बसलेल्या. सहा खाटा, त्यातल्या तिसऱ्या खाटेवर कालची बाळंतीण. माझ्या मनात एकदा आलं की काहीतरी भारदस्त सांगावं. मदतनीस, व्यवस्थापक, इंग्रजीतलं काहीतरी. जुनी खोड.

"लिव्हा," मी म्हटलं, "नर्स न्हाय."

मॅडमचं पेन तिथंच थांबलं. आतून डॉक्टर म्हणाले, "मॅडम, 'नाही' लिहा. सरकारी कागद आहे, त्यावर 'न्हाय' चालणार नाही."

मी वही पुढ्यात ओढली आणि नवं पान काढलं. "मी बोलले तसं लिव्हायचं. न्हायतर तक्रार करीन."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मग खाली वाकून जपून, अक्षर लावून, 'न्हाय' लिहिलं आणि शेजारी सही केली.